आय-१४० नामंजूर झाला, आता अपील कोण करणार?

अमेरिकेत नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळवायचं, तर कंपनी कर्मचाऱ्यासाठी आय-१४० अर्ज दाखल करते. तो नामंजूर झाला की पुण्या-ठाण्याच्या घरांत ‘व्हिसा रिजेक्ट झाला’ अशी बातमी पोचते. पण हा व्हिसाचा नकार नाही. व्हिसाचा निर्णय वकिलात करते, तर आय-१४०चा निकाल यूएससीआयएस हे इमिग्रेशन खातं देतं. त्या निकालावर अपील करता येतं.

‘अर्ज माझ्यासाठी होता, मग अपील मीच करीन’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. कायद्याच्या नजरेत अर्जदार कंपनी आहे. त्यामुळे अपिलाचा आय-२९०बी फॉर्म कंपनीनेच भरायचा, आणि कर्मचाऱ्याने परस्पर पाठवलेलं अपील सहसा फेटाळलं जातं. असाधारण गुणवत्ता किंवा राष्ट्रीय हिताच्या आधारावर स्वतःच अर्ज केलेल्यांचं अपील मात्र त्यांच्याच हाती असतं. बाकीच्यांनी पहिला फोन एचआरला करावा आणि कंपनी लढणार आहे का, ते स्पष्ट विचारावं.

विचारायला वेळ फार नसतो. मुदत ३० दिवसांची, निर्णय टपालाने आला असेल तर ३३. ती पत्र हातात पडल्यापासून मोजत नाहीत, निर्णय पाठवल्यापासून मोजतात. मंजूर झालेला अर्ज नोटीस देऊन रद्द केला असेल, तर जेमतेम १५ दिवस, टपालाने १८. सविस्तर युक्तिवाद तयार नसला तरी फॉर्म मुदतीत भरावा. युक्तिवाद पुढच्या ३० दिवसांत पाठवता येतो.

‘राहिलेले कागद आता जोडू’ हेही चालेलच असं नाही. पात्रता अर्ज भरला त्या दिवशी असावी लागते. खात्याने आधी मागितलेला पुरावा तेव्हा दिला नसेल, तर तो अपिलात सहसा विचारात घेत नाहीत. समजा, कंपनीची पगार देण्याची ऐपत नाही या कारणाने अर्ज नाकारला. देऊ केलेला पगार वर्षाला १,२०,००० डॉलर आणि एखाद्या वर्षी प्रत्यक्ष दिलेला ९५,०००. मग कंपनीच्या त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नमधल्या निव्वळ नफ्यातून किंवा निव्वळ चालू मालमत्तेतून २५,०००चा फरक निघायला हवा. अधिकाऱ्याने फाइलमधला डब्ल्यू-२ (दिलेल्या पगाराचा वार्षिक दाखला) न बघता पूर्ण १,२०,००० धरले असतील, तर अपिलात दम आहे. त्या वर्षी पैसेच नसतील, तर यंदाचा नफा दाखवून भागत नाही.

आपल्याकडच्या तीन वर्षांच्या बीएस्सी-बीकॉमचंही असंच. ही पदवी अमेरिकी बॅचलर्सच्या बरोबरीची नाही, असा निर्णय १९७७ पासून आहे. त्यामुळे ‘विद्यापीठ नामांकित आहे’ एवढ्यावर अपील टिकत नाही. पर्मच्या, म्हणजे आय-१४०च्या आधी कामगार खात्याकडून घ्यायच्या मंजुरीच्या, अर्जात शिक्षणाची अट कोणत्या शब्दांत लिहिली होती, ते आधी काढून बघावं.

अपील म्हणजे सुनावणी, वकिलाची उलटतपासणी, असं चित्र असेल तर ते पुसून टाका. काम जवळजवळ सगळं कागदावर चालतं. आधी निकाल देणारं कार्यालयच फाइल पुन्हा बघतं. त्याचं मत बदललं नाही तर ती एएओ या अपील कार्यालयाकडे जाते. प्रीमियम प्रोसेसिंग इथे नाही.

मग कटकट कशाला, नवाच अर्ज भरू? भारतात जन्मलेल्यांनी इथे थांबून विचार करावा. नामंजूर अर्जामुळे प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा ठरवणारी तारीख, राखली जात नाही. पर्म नव्याने केलं तर डेटही नवी, म्हणजे वर्षानुवर्षांच्या रांगेत पुन्हा शेवटी. जुनंच पर्म वापरून नवा आय-१४० भरता येत असेल, तर जुनी डेट वाचू शकते. वकिलाला सर्वांत आधी हेच विचारावं.

नुसत्या अपिलामुळे अमेरिकेत राहण्याचा हक्क मिळत नाही. आय-१४०च्या जोडीने भरलेला आय-४८५ हा ग्रीन कार्डचा अर्ज त्याच्याबरोबरच पडतो, त्यामुळे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा चालू ठेवलेला बरा. आणि एएओ ही शेवटची पायरी नाही. आय-१४०च्या नामंजुरीविरुद्ध, एएओकडे न जाताही, कंपनीला थेट फेडरल कोर्टात दाद मागता येते.