खेळासाठीं शाळा बदलावी काय?

विद्यार्थी एका शाळेंतून निघून दुसऱ्या शाळेंत जातो, ही गोष्ट नवी नाहीं. वडिलांची बदली होते, बिऱ्हाड बदलतें, कधीं एखादा विषय पहिल्या शाळेंत शिकवीत नाहींत. परंतु केवळ खेळासाठीं मुलानें शाळा सोडली, आणि जिच्याशीं कालपर्यंत चुरस होती त्याच शाळेच्या दाराशीं तो जाऊन उभा राहिला, म्हणजे लोकांच्या भुंवया वर चढतात. जुन्या शाळेस वाटतें, रोप आम्हीं लावलें आणि फळ शेजाऱ्याच्या अंगणांत पडलें. नव्या शाळेंतील सोबत्यांस वाटतें, हा आला म्हणजे आपल्यापैकीं एकाची जागा गेली. आणि घरच्या मंडळींस धास्ती कीं, खेळ तर साधणार नाहींच, पण अभ्यासहि हातचा जाईल. ह्या तिन्ही तक्रारींत थोडेंबहुत तथ्य आहे. म्हणूनच अशा स्थलांतरानंतर खेळाडूचें पुढें काय झालें, हें दोनतीन प्रसिद्ध उदाहरणांवरून तपासून पाहणें उपयोगाचें ठरेल.

पहिलें उदाहरण दूरचें, अमेरिकेंतील आहे. तें घेण्याचें कारण असें कीं, तें गोल्फचें आहे, आणि गोल्फसारख्या एकट्यानें खेळावयाच्या खेळांत शाळेचा वांटा किती व खेळाडूचा किती, हें निराळें काढून पाहतां येतें. अठरा खळग्यांत चेंडू घालावयाचा आणि त्यास लागलेले टोले मोजावयाचे. ज्याचे टोले कमी तो श्रेष्ठ. सोबत्यानें चेंडू फेंकून द्यावा किंवा झेल घ्यावा, असा कांहीं प्रकार त्यांत नाहीं. तथापि तेथील कॉलेजें हा खेळहि संघानें खेळतात. प्रत्येक संघाचे पांच खेळाडू उतरतात व त्यांपैकीं चौघांचे उत्तम आंकडे जमेस धरतात. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यांत मात्र पांचांशीं पांच असे जोडीनें सामने होतात, आणि ज्यांचे तीन विजय त्यांची सरशी.

पॅट्रिक रीड नांवाचा तरुण प्रथम जॉर्जिया राज्याच्या मोठ्या विद्यापीठांत दाखल झाला होता. तें सोडून तो त्याच राज्यांतील ऑगस्टा स्टेट ह्या लहान कॉलेजांत गेला. ह्या कॉलेजाचे इतर खेळांचे संघ दुसऱ्या श्रेणींत खेळत. पहिल्या श्रेणींत उतरत असे तो केवळ गोल्फचा संघ. म्हणजे मोठें घर सोडून लहान घरीं जाण्याचाच हा प्रकार होता. परंतु १९१०च्या नव्हे, तर अगदीं अलीकडच्या, २०१० सालच्या राष्ट्रीय स्पर्धेंत हें लहान कॉलेज विजयी झालें. पुढच्या वर्षीं, २०११ मध्यें, तें पुन्हां अंतिम सामन्यास पोंचलें, तेव्हां समोर उभें होतें तें जॉर्जिया विद्यापीठच! ऑगस्टानें तो सामना तीन विरुद्ध दोन असा जिंकला, आणि त्या तीन विजयांपैकीं एक रीडचा होता. पुढें तो धंदेवाईक खेळाडू झाला आणि २०१८ सालीं त्यानें 'मास्टर्स' ही जगद्विख्यात स्पर्धा जिंकली. योगायोग असा कीं, ही स्पर्धा ऑगस्टा शहरींच भरते.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. शाळा बदलणें म्हणजे नेहमीं लहान नांवाकडून मोठ्या नांवाकडे जाणें, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती खरी नव्हे. शाळेचें नांव चेंडूस टोला देत नाहीं. पाहावयाचें तें हें कीं, त्या ठिकाणीं मुलास खेळावयास किती मिळेल, आणि त्याच्या खेळावर कोणाची नजर राहील.

अमेरिकेंत ह्या स्थलांतरांचे नियमहि हळूहळू सैल होत गेले आहेत. पूर्वीं फुटबॉल, बास्केटबॉल अशा कांहीं मोठ्या खेळांत कॉलेज बदलणाऱ्यास एक वर्ष सामन्याविना बसावें लागे. २०१८ सालीं अशा विद्यार्थ्यांची एक सामाईक नोंदवही सुरू झाली. तींत नांव नोंदवितांच इतर कॉलेजांस त्याच्याशीं बोलणें करतां येऊं लागलें. २०२१ सालीं सर्व खेळांत एकदां तरी न थांबतां कॉलेज बदलण्याची मुभा मिळाली, आणि २०२४ सालीं कितीहि वेळां बदल करण्याची मोकळीक झाली. मात्र तीस एक अट ठेवली आहे: विद्यार्थ्याचा अभ्यास समाधानकारक असला पाहिजे. एवढ्या सैल नियमांतहि ही अट टिकून राहिली, हें आपल्याकडील पालकांनीं विसरूं नये.

आतां घराजवळचीं उदाहरणें घेऊं. मुंबईच्या शाळांत ज्यास चुरस म्हणतात, ती क्रिकेटची. हॅरिस शील्ड ही मोठ्या मुलांची आणि जाइल्स शील्ड ही लहान मुलांची, ह्या दोन ढालींसाठीं शाळाशाळांमध्यें पिढ्यान्‌पिढ्या झुंजी होत आल्या आहेत. १९८४ सालीं अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरास त्याचा वडील भाऊ अजित ह्यानें शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर ह्यांच्याकडे नेलें. सचिन त्या वेळीं वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिकत होता. मुलाचा खेळ पाहून आचरेकरांनीं सुचविलें कीं, त्यास दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरांत घालावें. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर हे कवि व मराठीचे प्राध्यापक. त्यांनीं मुलावर आज्ञा लादली नाहीं. शाळा बदलण्यास हरकत नाहीं, पण खेळाविषयीं मन खरोखर गंभीर असेल तरच ती बदलावी, असें त्यांनीं त्यास समोर बसवून समजावलें आणि निर्णय त्याचा त्यास घेऊं दिला.

शाळा बदलल्यानें सचिनला काय मिळालें? पहिली गोष्ट म्हणजे सामने. उन्हाळ्याच्या साठ दिवसांच्या सुट्टींत तो पंचावन्न सामने खेळला. एका मैदानावर डाव आटोपला कीं आचरेकर त्यास आपल्या स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. संध्याकाळीं तो दमला म्हणजे यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज त्यास बाद करील त्याचें तें नाणें, आणि कोणासच बाद करतां आलें नाहीं तर सचिनचें. दुसरी गोष्ट म्हणजे तोलामोलाचे सोबती. १९८८ च्या फेब्रुवारींत हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यांत आझाद मैदानावर सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध सचिन आणि विनोद कांबळी ह्या दोघांनीं ६६४ धांवांची अभंग भागीदारी केली. कांबळीच्या नाबाद ३४९, तेंडुलकरच्या नाबाद ३२६. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सचिननें मुंबईतर्फें रणजी सामन्यांत पदार्पण करून शतक काढलें, आणि १९८९ च्या नोव्हेंबरांत कराची येथें, वयाच्या सोळाव्या वर्षीं, तो भारताकडून पहिला कसोटी सामना खेळला.

ह्या लाभाची किंमतहि मोजावी लागली. वांद्र्याहून दादरला बसनें जाणें, सकाळीं सराव, मग शाळा किंवा सामना, पुन्हां सराव आणि रात्रीं परत, ही दगदग लहान वयास झेपणारी नव्हती. म्हणून शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काकाकाकूंच्या घरीं तो राहावयास गेला. आईबापांपासून दूर राहण्याचें हें मोल आहे. काकाकाकूंचें दार उघडें नसतें, तर आचरेकरांचा सल्ला कितीहि योग्य असला तरी तो अमलांत आणणें अवघड झालें असतें.

दुसरें उदाहरण बोरिवलीचें. रोहित शर्मा हा मुलगा घरच्या बेताच्या परिस्थितीमुळें आजीआजोबांकडे व काकांकडे राहत असे. १९९९ सालीं काकांनीं दिलेल्या पैशांवर तो क्रिकेटच्या एका शिबिरांत गेला. तेथें दिनेश लाड हे शिक्षक होते. आपण ज्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्यें शिकवितों, तेथें क्रिकेटच्या सोयी चांगल्या आहेत, तेव्हां तेथें यावें, असें त्यांनीं सुचविलें. तेथील फी परवडणार नाहीं, असें मुलानें सांगितलें. लाडांनीं खटपट करून त्यास फीची सवलत मिळवून दिली, आणि चार वर्षें एक पैहि न भरतां तो शिकला. ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. रोहित आला होता तो फिरकी गोलंदाज म्हणून. फलंदाजीस तो आठव्या क्रमांकावर जाई. लाडांनीं त्याची फलंदाजी हेरली व त्यास थेट सलामीस पाठविलें. सलामीच्या पहिल्याच डावांत त्यानें शतक ठोकलें. पुढें २०१४ सालीं एकदिवसीय सामन्यांत २६४ धांवा काढणारा आणि २०२४ सालीं भारतास विश्वचषक मिळवून देणारा कर्णधार तो हाच. शाळा बदलल्यामुळें केवळ मैदान बदललें असें नव्हे. आपण नेमके कोण आहों, हें त्या मुलास तेथें कळलें.

२०१३ च्या नोव्हेंबरांत वानखेडे मैदानावर तेंडुलकर आपला दोनशेवा आणि अखेरचा कसोटी सामना खेळला. त्याच सामन्यांत रोहितनें आपल्या दुसऱ्या कसोटींत नाबाद १११ धांवा केल्या. खेळासाठीं शाळा बदललेले दोन विद्यार्थी एकाच संघांत, एक जातां जातां आणि एक येतां येतां, असे एकत्र आले होते.

परंतु एवढ्यावरच थांबलें तर हिशेब एकांगी होईल. ६६४ धांवांच्या भागीदारींत अधिक धांवा ज्याच्या होत्या तो विनोद कांबळीहि त्याच शाळेचा आणि त्याच गुरूचा. १९९३ सालीं त्यानें लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतकें काढलीं. तरीहि त्याचे कसोटी सामने अवघे सतरा झाले. सरासरी चोपन्नाच्या वर असतां १९९५ नंतर तो कसोटी खेळला नाहीं. शाळा एक, मैदान एक, गुरु एक, आणि कारकीर्दी दोन निराळ्या. तात्पर्य, शाळा संधि देते. पुढच्या वीस वर्षांची हमी ती देऊं शकत नाहीं, आणि कोणी देत असल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये.

हा प्रश्न आतां मुंबईपुरता राहिलेला नाहीं. पनवेल तालुक्यांतील गव्हाण गांव घ्या. खाडीपलीकडचें हें गांव एके काळीं मुंबईच्या मैदानांपासून फार दूर होतें. आतां त्याच्या परिसरांतून उरणची रेल्वे धांवते. शिवडीहून न्हाव्याकडे येणारा अटल सेतु २०२४ च्या जानेवारींत खुला झाला. आणि ज्या गोल्फची गोष्ट वर आली, त्याचेंहि मैदान सिडकोनें ह्याच तालुक्यांत, खारघरच्या डोंगरापाशीं केलें आहे. त्यामुळें गव्हाणच्या घरांतहि आतां हा प्रश्न उभा राहूं शकतो कीं, मुलीचा किंवा मुलाचा हात चांगला चालतो, तर त्यास दूरच्या नामांकित शाळेंत घालावें काय?

अशा वेळीं पालकांनीं चार गोष्टी विचाराव्या. पहिली: मुलास बोलावतो कोण, आणि त्यानें मुलांत नेमकें काय पाहिलें? आचरेकर व लाड ह्यांनीं मूल डोळ्यांनीं पाहून बोलावलें होतें. छापील जाहिरातीस मूल दिसत नाहीं. दुसरी: नव्या शाळेंत त्यास वर्षाकाठीं खरे सामने किती मिळतील? नामांकित संघांत पंधरावा गडी म्हणून बसण्यापेक्षां साध्या संघांत रोज खेळणें केव्हांहि श्रेयस्कर. तिसरी: जाण्यायेण्याचा भार कोण वाहणार? पूल झाला म्हणून मुलाचे पाय लोखंडाचे होत नाहींत; प्रवासांत गेलेला तास सरावांतून, अभ्यासांतून किंवा झोंपेंतून वजा होतो. चौथी: अभ्यासाची व्यवस्था काय? ह्या चारांचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर मग रमेश तेंडुलकरांनीं केलें तें करावें. मुलास समोर बसवून सर्व सांगावें आणि त्याचें म्हणणें ऐकावें.

राहतां राहिली जुन्या शाळेची तक्रार. तिचें उत्तर वादानें मिळणार नाहीं, वर्तनानें मिळेल. शाळा सोडल्याचा दाखला घेतांना मुलानें आपल्या पहिल्या शिक्षकांस नमस्कार करून निघावें, आणि पुढें कधीं त्याच शाळेविरुद्ध खेळण्याचा प्रसंग आला, तर पूर्ण शक्तीनें खेळावें. ज्यांनीं त्यास बॅट धरावयास शिकविलें, त्यांची ती शिकवण वायां गेली नाहीं, हें त्यांस मैदानाच्या कडेवरून पाहतां येईल.