म्हाताऱ्या राखणदाराचे पोट बिघडले तर



शहादा-तळोद्याकडचा ऊस असो, नंदुरबारची मिरचीची पथारी असो की अक्राणीच्या डोंगरातले एकटे घर असो, रात्री पहिला आवाज देतो तो दारातला कुत्रा. आठ-दहा वर्षे तो इमानाने राखण करतो. मग एके दिवशी तोच ओसरीवर घाण करू लागतो आणि घरची माणसे म्हणतात, "म्हातारा झाला, बिघडला. सोडून या लांब कुठेतरी."

बंधूंनो, तो बिघडलेला नसतो, आजारी असतो. काठी उचलण्याआधी त्याची शी आणि लघवी नीट बघा. बहुतेक वेळा दुखण्याची खूण तिथेच सापडते.

मी शेतीखात्याचा माणूस. कुत्र्याच्या दुखण्याची ही माहिती पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून समजून घेतली आहे.

शी होत नसेल तर

शहादा तालुक्यात एका वस्तीवर म्हातारा कुत्रा दिवसभर पाठ वाकवून कुंथत होता. थोडे पातळ पाणी तेवढे गळे. घरच्यांना वाटले, हगवण लागली. त्यांनी त्याचे पाणी कमी केले. दवाखान्यात नेल्यावर कळले की आत बोकडाच्या हाडांचा चुना होऊन दगडासारखा गोळा अडकला आहे आणि त्याच्या कडेने पाणी झिरपते आहे. सलाईन व एनिमा देऊन तो काढावा लागला. आणखी दोन दिवस गेले असते तर कुत्रा हाती लागला नसता.

म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याला हाडे घालू नका. कोरडी भाकर न टाकता ती पाण्यात किंवा बिनमिठाच्या वरणात कुस्करून द्या. सावलीत पाण्याचे भांडे कायम भरलेले ठेवा. दोन दिवस शी झाली नाही, किंवा कुंथताना कुत्रा ओरडत असेल, तर दवाखाना गाठा. एरंडेल किंवा गोडेतेल नळीने घशात ओतू नका. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. खच्ची न केलेल्या म्हाताऱ्या नरात मूत्राशयाजवळची ग्रंथी वाढूनही शी अडते. तिथे घरचा उपाय चालत नाही.

हगवण लागली तर

अर्धा दिवस अन्न बंद ठेवा, पाणी मात्र बंद करू नका. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. हे पाणी थोडे थोडे पाजा. नंतर मऊ भात व थोडे ताजे दही द्या. तेल, तिखट, कांदा-लसूण घातलेले उरलेसुरले कालवण देऊ नका; कांदा-लसणाने कुत्र्याचे रक्त कमी होते. शीमध्ये रक्त असेल, ती डांबरासारखी काळी असेल, सोबत उलट्या होत असतील किंवा एका दिवसात उतार पडला नाही, तर थांबू नका. माणसाच्या दुखण्याच्या व तापाच्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरतात. त्या अजिबात देऊ नका.

लघवीचे काय?

कुत्रा एकाएकी फार पाणी पिऊ लागला आणि जागोजागी लघवी करू लागला, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. पाणी तोडू नका, तपासणी करून घ्या. कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत सुस्त पडली, फार पाणी पिऊ लागली, मागून पू येऊ लागला, तर गर्भाशयात पू झाला असे समजा व त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कधी पू बाहेर दिसतही नाही. कुंथूनही लघवीचा थेंब येत नसेल, तर तीही तातडीची वेळ आहे.

काही कुत्र्यांचे पोट ठीक असते, पण सांधे दुखतात. उठून अंगणात जाईपर्यंत दम निघत नाही. अशाला ओसरीच्या पायरीऐवजी खाली जमिनीवर गोणपाटाची कोरडी जागा करून द्या. पहाटे, जेवणानंतर आणि निजण्यापूर्वी हाताला धरून बाहेर न्या.

घरच्यांची काळजी

शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याचे फोड दिसले, तर ते कुत्र्याला टाकू नका, खोल पुरा. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात. त्यांची अंडी शीमधून भाजीपाल्यावर व मुलांच्या हातावर येतात आणि माणसाच्या काळजात तसेच फोड धरतात. कुत्र्याची शी राखेने झाकून उचला व पुरा. हात साबणाने धुवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्या.

आणखी एक. लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला, तर "हाड अडकले असेल" म्हणून तोंडात हात घालू नका. ती पिसाळल्याची लक्षणे असू शकतात. कुत्रा चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्या. कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचा.

म्हाताऱ्या बैलाला आपण दावणीचा चारा तोडत नाही. राखणदारालाही तेवढा मान असू द्या.