चिकूची खरूज, आणि गोठ्यातल्या बाटलीतला एक थेंब

मागच्या लेखात नारळावरच्या कोळ्याबद्दल लिहिलं होतं. इरिओफाइड कोळी, ज्यामुळे नारळाच्या सालीवर तपकिरी भेगा पडतात आणि फळ लहानच राहतं. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना हा प्राणी नवीन नाही. माझी पीएचडी अशाच कोळ्यांवर चालू आहे, त्यामुळे घरचे लोक कसलीही खाज सुटली की मलाच विचारतात. आत्तापर्यंत मी हसून सोडून देत असे. यंदाच्या जुलैमध्ये हसता आलं नाही.

झालं असं, की भाचीसाठी मे महिन्यात दोन ससे आणले. चिकू आणि कापूस. (पाळीव ससा वेगळा आणि आपल्या रानातला ससा वेगळा, हे आधी सांगून ठेवतो. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. रानातला ससा पकडून पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. काजूच्या बागेत सापडलेलं पिल्लू कितीही गोजिरवाणं असलं तरी तिथेच ठेवायचं.) जूनच्या शेवटी चिकूच्या नाकावर पांढरट कोंडा दिसायला लागला. मग कानांच्या कडांवर, मग पुढच्या पायांच्या बोटांवर. आम्हाला वाटलं, चिखल वाळलाय. आठवड्याभरात त्या कोंड्याच्या जाड खपल्या झाल्या आणि ससा रात्रभर पिंजऱ्याच्या जाळीला नाक घासायला लागला.

घरातला पहिला उपाय ठरलेला होता: खोबरेल तेलात कापूर. दुसरा उपाय त्याहून वाईट, कोमट पाण्याने अंघोळ. दोन्ही मी घरी नसताना झाले. संध्याकाळी आलो तर आजी म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंन नाही रे यानं." ही एकच ओळ ऐकून मला खरी भीती वाटली, खपल्यांपेक्षा जास्त.

कारण सशाचं पोट थांबून चालत नाही. त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक मोठी पिशवी असते, तिच्यात जंतू गवत आंबवत असतात. गायीच्या पोटासारखंच, फक्त मागच्या टोकाला. ससा खायचा थांबला की आतड्याची हालचाल मंदावते, गॅस धरतो, पोट दुखतं, म्हणून तो आणखी खात नाही. बारा तास काही न खाल्लेला ससा म्हणजे तातडीचा रुग्ण. चिकूने अंगावरचं तेल चाटलं होतं, आणि कापूर पोटात गेला तर विषारीच. वर भिजलेला, गारठलेला, घाबरलेला. खरूज त्याला त्या दिवशी मारणार नव्हती, आमच्या उपायांनी मात्र मेला असता.

डॉक्टरांनी आधी पोटाकडे बघितलं: सलाईन, वेदनाशामक, सिरिंजने पातळ खाणं. मग कानाची कड चाकूच्या बोथट पात्याने हलकेच खरवडली, ती साल काचपट्टीवर पोटॅशच्या द्रावणात टाकली आणि मला म्हणाले, "तुम्हीच बघा, तुमचाच विषय आहे."

नारळावरचा कोळी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक अळीसारखा लांबट दिसतो, आणि त्याला चारच पाय असतात. हा निराळा होता. गोल, कासवासारखा, आखूड आठ पाय. सार्कोप्टिस स्केबिआय. माणसाला खरूज करणारा आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला लूत लावणारा हाच. प्रत्येक यजमानाप्रमाणे त्याचे थोडे वेगळे प्रकार आहेत इतकंच. मादी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून लहान. कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात ती बोगदा खणते आणि जाता जाता रोज दोन-तीन अंडी घालत जाते. तीन-चार दिवसांत सहा पायांची पिल्लं बाहेर येतात आणि दोनेक आठवड्यांत तीही अंडी घालायच्या वयाची होतात.

सशाला आणखी एक कोळी होतो, सोरोप्टिस. तो बोगदा खणत नाही, कानाच्या आत राहतो आणि तिथे तपकिरी पापुद्र्यांचे थरच्या थर साठतात. तुमच्या सशाचा एक कान लोंबत असेल आणि तो सारखं डोकं झटकत असेल तर बहुधा हा. ते पापुद्रे कापसाच्या काडीने ओढून काढू नका. खालची कातडी सोललेली असते, सशाला असह्य दुखतं. औषध लागू पडलं की ते आपसूक सुटतात.

औषध दोन्हींवर बहुधा एकच: आयव्हरमेक्टिन. जपानमध्ये सातोशी ओमुरांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूपासून ते आलं, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्याचं औषध केलं, आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कोळी आणि जंत यांच्या मज्जातंतूंवर काही विशिष्ट दारं असतात, त्यांतून क्लोराईड आत येतं. हे औषध ती दारं उघडीच ठेवतं आणि प्राणी लुळा पडतो. सस्तन प्राण्यांत ती विशिष्ट दारं नाहीत. त्यांच्याशी मिळतीजुळती दारं आहेत, पण ती मेंदूत, आणि रक्तातलं औषध सहसा मेंदूत शिरू दिलं जात नाही. म्हणूनच योग्य मात्रेत ते सुरक्षित आहे.

"योग्य मात्रेत" हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे हे औषध मिळतं ते बहुतेक गुराढोरांसाठीच्या बाटलीत, एक टक्का ताकदीचं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. सशाला साधारण ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम दर किलोला देतात. चिकूचं वजन १.४ किलो. मधला ०.३ चा आकडा धरला तर त्याला हवं ०.४२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०४२ मिलिलिटर. एक नीट थेंबसुद्धा नाही! आमच्या शेजारी गोठ्यात तीच बाटली होती आणि काका प्रेमाने म्हणत होते, "अर्धा एमएल देऊन टाक, हाय काय अन् नाय काय." अर्धा मिलिलिटर म्हणजे जवळजवळ बारापट. एवढं औषध दिलं तर मेंदूच्या दारावरचा पहारा पुरेल याची खात्री कोणी देऊ नये. डॉक्टरांनी ते पातळ करून, सशाचं त्याच दिवशी वजन करून दिलं. हा हिशोब मी तुम्ही घरी करावा म्हणून लिहिलेला नाही, काकांना दाखवता यावा म्हणून लिहिलाय.

तसंच कुत्र्या-मांजरांच्या पिसवांचं, फिप्रोनिल असलेलं औषध. दुकानात सर्रास "सगळ्या प्राण्यांना चालतं" म्हणून मिळतं. सशाला ते चालत नाही, आकड्या येऊन ससे दगावतात. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. आणि जखम चिघळली म्हणून घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी कुटून पाजू नका. पोटातले गवत आंबवणारे जंतू मरतात आणि आपण पुन्हा पहिल्या संकटाकडे येतो.

आयव्हरमेक्टिन अंड्यांवर फारसं चालत नाही. म्हणून पहिल्या इंजेक्शननंतर ससा आठवड्यात छान दिसायला लागला तरी दहा ते चौदा दिवसांनी दुसरं द्यावंच लागतं: मधल्या काळात फुटलेली पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालायच्या आत. आम्हाला तीन लागली. दुसऱ्याच्या वेळी घरात मतदान झालं असतं तर ते रद्दच झालं असतं, इतका चिकू टुणटुणीत होता.

आता कापूस. त्याच्या अंगावर कोंड्याचा कणही नव्हता, आणि खरवडलेल्या सालीत काही सापडलं नाही. तरी डॉक्टरांनी त्यालाही औषध दिलं. भाचीला हा अन्याय वाटला. इथे मला १९४० च्या दशकातला एक जुना प्रयोग आठवला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये खरूज माजली होती. केनेथ मेलन्बी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने शेफिल्डमध्ये, युद्धात लढायला नकार दिलेल्या तरुणांना स्वयंसेवक म्हणून घेतलं आणि त्यांना मुद्दाम खरूज लागते का ते बघितलं. पहिल्यांदाच लागण झालेल्यांना जवळजवळ महिनाभर खाजच सुटली नाही. खाज ही कोळी चावल्याची नसते, शरीराला त्याची ॲलर्जी झाल्याची असते, आणि ती व्हायला वेळ लागतो. दुसरी गोष्ट, साध्या खरजेच्या रुग्णाच्या अख्ख्या अंगावर माद्या सापडल्या सरासरी अकरा-बाराच. अकरा कोळी असलेल्या प्राण्याचा चिमूटभर भाग खरवडून काही सापडलं नाही तर त्याचा अर्थ "नाही" असा होत नाही, "दिसला नाही" असा होतो. चिकूबरोबर एकाच गोणपाटावर झोपणारा कापूस मोकळा असेल ही शक्यता कमीच होती.

मेलन्बीचं तिसरं निरीक्षण जास्त प्रसिद्ध आहे: रुग्णांचे न धुतलेले कपडे आणि घोंगड्या वापरूनही स्वयंसेवकांना खरूज क्वचितच लागली. अंगाला अंग लागूनच ती पसरते. मग पिंजरा धुवायचा कशाला? धुवायचा, कारण चिकूच्या खपल्या ही साधी खरूज नव्हती. जाड खपल्यांमध्ये कोळी अकरा नसतात, हजारोंनी असतात, आणि ती खपली गळून पडली की सगळा गावच्या गाव पेंढ्यात उतरतो. अमेरिकेत लॅरी आर्लियन आणि सहकाऱ्यांनी अंगावरून काढलेला कोळी किती तग धरतो ते मोजलं होतं. २१ अंशाला, मध्यम कोरड्या हवेत २४ ते ३६ तास. पण १० अंशाला आणि जवळजवळ संपृक्त दमट हवेत १९ दिवसांपर्यंत. तो मरतो तो मुख्यतः सुकून. (गंमत म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यावरचा हा कोळी वर्षानुवर्षं वाढवला गेला तो पांढऱ्या सशांवर. या किड्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यात सशांचा वाटा मोठा आहे.)

रत्नागिरीचा जुलै १० अंशाचा नाही, पण सुका तर मुळीच नाही. माझा टॉवेल तीन दिवस वाळत नाही तिथे कोळी काय सुकणार! त्यामुळे पुस्तकातल्या दीड दिवसावर मी विसंबलो नाही. गोणपाट आणि पेंढा जाळला, लोखंडी जाळीवर उकळतं पाणी ओतलं, कपडे गरम पाण्यात (५० अंशाला दहा मिनिटं पुरतात) आणि जे धुता येत नव्हतं ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे माळ्यावर. उन्हात ठेवायचा सल्ला खूप जणांनी दिला. वस्तू ठेवा, ऊन मिळालं तर. ससा ठेवू नका. तिशीच्या वर तापमान गेलं की त्याला उष्माघाताची भीती असते.

चौथ्या दिवशी भाचीच्या हातांवर, ससा ज्या जागी धरते नेमक्या त्याच जागी, लाल पुटकुळ्या आल्या. घरात एकदम शांतता. सशावरचा कोळी माणसाच्या कातडीत शिरायचा प्रयत्न करतो, खाज देतो, पण बहुधा तिथे पिढी वाढवू शकत नाही. प्राणी बरा झाला की ते थांबतं. तरीही तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण माणसाची स्वतःची खरूजही आपल्याकडे कमी नाही. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटना तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत धरते. बोटांच्या बेचक्यांत, रात्री वाढणारी खाज घरातल्या दोघा-तिघांना असेल तर बिचाऱ्या सशाला दोष देऊ नका. भाचीच्या पुटकुळ्या दहा दिवसांत गेल्या. तोवर तिला सशांशी फक्त जाळीपलीकडून बोलायची परवानगी होती, आणि ती रोज शाळेतून आल्यावर बोलायची.

तिसऱ्या इंजेक्शनला चिकूचं वजन १.६ किलो भरलं. कानाच्या कडांवर बारीक लव आली आहे, नाकावरचा एक टक्कल पडलेला ठिपका अजून भरायचाय. पुढचा ससा आणला, तर तो चार आठवडे पडवीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या वाडग्यात राहील, असं ठरलं आहे. आजीचं म्हणणं, पुढचा ससा आणायचाच नाही.