पाक जमला तर अतिरसम

दिवाळीच्या पानांसाठी संपादकांना जबलपूरची खोव्याची जिलबी हवी होती. तिच्यावर आजवर पुष्कळ लिहून झालंय. मी तिची चव घेतली आणि एका परिचितांच्या सांगण्यावरून खमरियाच्या बाजूला गेले, अतिरसम तळताना पाहायला.

हा तमिळ पदार्थ इथे आला तो कारखान्यांच्या नोकऱ्यांबरोबर. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला, व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. मराठी घरं त्याआधीची. १८१७पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६पर्यंत राजधानीही नागपूरच. त्यामुळे दिवाळीत भिंतीच्या अलीकडे अनारसे आणि पलीकडे अतिरसम, असा शेजार इथे नवा नाही.

सामान जवळपास तेच, रीत वेगळी. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, मग ओलसर पिठात किसलेला गूळ कालवून गोळे मुरत ठेवायचे. अतिरसमला गूळ कच्चा चालत नाही. तांदूळ दोनेक तास भिजवून सावलीत पंचावर पसरायचे, हाताला गारवा लागतोय तोवरच दळायचे, आणि ते ओलं पीठ गुळाच्या पाकात घालायचं.

ज्यांच्या स्वयंपाकघरात मी उभी होते त्यांना सगळी आळी मामी म्हणते. त्यांचे यजमान कारखान्यात टर्नर होते. लोखंडाचं माप केसाइतकंही चुकू द्यायचे नाहीत. मामींकडे मापाचं साधन एकच, पाण्याची वाटी. उकळत्या पाकाचा थेंब तीत सोडायचा. विरघळला तर पाक कच्चा. बोटांनी गोळा झाला आणि दाबल्यावर चपटला, तर कढई ताबडतोब खाली. टणक झाला तर वेळ टळली. थर्मामीटर लावला तर हा पाक ११२ ते ११६ अंशांच्या मध्ये कुठेतरी सापडेल. पण मामींची नजर बुडबुड्यांवर असते.

वेलची, सुंठ, तीळ पडले की पीठ. इथे नवशिके हमखास फसतात. मिश्रण सैल दिसतं म्हणून सगळं पीठ ओततात आणि दुसऱ्या दिवशी हाती दगड येतो. मामी मूठ-दोन मुठी पीठ बाजूला ठेवतात, कारण मिश्रण मुरताना घट्ट होतच जातं. वर तेलाचा हात फिरवून ते दिवसभर झाकायचं. मग केळीच्या पानावर थापून मंद आचेवर एकेक तळायचा. फुगून वर आला, उलटला, की दोन चपट्या झाऱ्यांमध्ये दाबायचा. पिळून निघालेलं तेल पाहिलं की पहिला घास घ्यायला धीर येतो. चहाबरोबर मी तीन खाल्ले.

अडचणी मामींनी चहा ओतता ओतता सांगितल्या. करेलीचा गूळ जवळचा आणि नावाजलेला. पण बाजारातला पिवळाधमक, रसायनानं उजळलेला किंवा साखर मिसळलेला गूळ पाकात दगा देतो. त्यांना काळपट हवा असतो आणि तो शोधावा लागतो. चक्कीवाला ओलं दळण घेत नाही. पीठ दगडांना चिकटतं आणि मागचे गहू खोळंबतात. मिक्सरला थोडं थोडं लावावं, तर पातं तापून पीठ सुकतं. पुड्यातलं कोरडं पीठ पाक शोषून घेतं आणि अतिरसम कडेनं तडकतो. पाक कच्चा राहिला तर तो तेलात हसतो, अनारशासारखाच, आणि कढईच्या तळाशी चुरा उरतो.

मोठी अडचण बंगळूरूत आहे. मुलगी व्हिडिओ कॉलवर प्रमाण विचारते. मामी ते सांगतातही: इतका तांदूळ, इतका गूळ. पण पीठ किती ओलं आहे ते फोनवर दिसत नाही आणि त्या ओलाव्यावर पुढचं सारं ठरतं. म्हणून पोंगलला ती आली की मामी तिला पाक मुद्दाम बिघडवायला लावणार आहेत. एक घाणा कच्च्या पाकाचा, एक पुढे गेलेल्याचा, मग नीट जमलेला. सगळं मिळून किलोभर गूळ लागेल. तो त्यांनी आत्ताच आणून ठेवलाय, काळपट.