सार्त्रची रांग आणि डोंबिवलीचा फलाट

फ्रेंच तत्त्वज्ञान म्हटले की आपण मध्यमवर्गीय माणसे पुस्तकाला लांबूनच नमस्कार करतो! त्यात ज्याँ-पॉल सार्त्र याचा १९६० साली निघालेला, द्वंद्वात्मक बुद्धीची चिकित्सा करणारा ग्रंथ तर साडेसातशेवर पानांचा. पण डोंबिवलीकराला त्याची एक किल्ली रोज सकाळी फलाटावरच सापडते.

सार्त्रने उदाहरण घेतले आहे ते पॅरिसमधील सँ-जर्मेंच्या चौकातील बसच्या रांगेचे. माणसे शेजारी शेजारी उभी, पण कोणी कोणाचा नव्हे. त्यांना एकत्र आणते ती येणारी बस. आणि बसमध्ये जागा मोजकीच! त्यामुळे पुढचा माणूस हा माणूस उरत नाही, आपल्या आधीचा एक आकडा होतो. अशा जमावाला सार्त्र ‘मालिका’ म्हणतो. माणसे मुळात वाईट नसतात; टंचाईच त्यांना एकमेकांच्या दृष्टीने ‘जास्तीची’ ठरवते. जलद लोकल फलाटाला लागताना शेजाऱ्याकडे आपण कसे पाहतो, ते आठवा म्हणजे झाले!

ही मालिका मोडते कधी? सार्त्र १७८९ सालचे पॅरिस दाखवतो. राजाचे सैन्य शहराभोवती जमल्याची धास्ती पसरली आणि एकेकटी माणसे एकाएकी ‘आपण’ झाली. १४ जुलैला बॅस्टिलचा तुरुंग पडला.

लोकलमध्ये बॅस्टिल नाही. पण तिघांच्या बाकावर सरकून दिलेली चौथी सीट, डब्यातले भजन, दसऱ्याची तोरणे यांतूनही ‘आपण’ जन्माला येतो.

सार्त्रचा खरा इशारा मात्र यापुढे आहे. गट टिकवायला माणसे शपथेने बांधली जातात आणि शपथेमागून धाक येतो. पहारा आपल्याच माणसांवर बसतो. दार अडवून उभ्या असलेल्या एखाद्या ‘ग्रुप’मधल्या कोणी फलाटावरच्या नवख्याला हात दिला, तर डोळे वटारले जातात ते हात देणाऱ्यावरच!

म्हणून नुसत्या सुस्वभावाने हा प्रश्न सुटत नाही. टंचाई हटवायला गाड्या वाढवून मागाव्याच लागतील, आणि ती मागणी एकेकट्याने होत नाही. तोवर दारात लोंबकळणाऱ्याला आत घ्यायचे की नाही, हे आतल्यांनीच ठरवायचे असते. पुस्तकातला हा प्रश्न त्या माणसाच्या जिवाचा असतो.