पौषात पोरं भरतात

३१ डिसेंबरच्या सकाळी आमच्या वाशीमच्या घरात, स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या दोन रेघा पडल्या. एक सहा वर्षांच्या लेकीची, दुसरी तीन वर्षांच्या धाकट्याची. जानेवारी सरता सरता एका संध्याकाळी लेक शाळेतून आली, अंगणात हुंदडली आणि पुन्हा चौकटीला पाठ टेकवून उभी राहिली. नवी रेघ जुनीच्या खाली आली. जेमतेम नखभर, पण खाली. "बाबा, मी बुटकी झाली काय?" म्हणताना तिचे डोळे भरून आले. माझ्या आईला हे मोजमाप मुळातच पसंत नव्हतं. "लेकरायले मोजू नोको बापू, दिठ लागते," असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती.

बरं, महिनाभर पोरीनं खाण्यात काही कसूर केली नव्हती. शेतातून तुरीच्या ओल्या शेंगांचं पोतं आलं होतं. मीठ टाकून उकडलेली शेंग दातांत धरून ओढायची, दाणे जिभेवर घ्यायचे, साल ताटलीत टाकायची. दोघांच्या हनुवटीवरून खारट पाणी ओघळायचं आणि नखं हिरवी व्हायची. सोल्याची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, तिळाचे लाडू. संक्रांतीला धाकट्याचं बोरन्हाण झालं, तेव्हा डोक्यावरून घरंगळलेली बोरं त्यानं तिथंच बसून खाल्ली. दिवाळीत सैल होणारे दोघांचे स्वेटर आता पोटावर ताणत होते. मग हे सगळं गेलं कुठं?

आधी साधा हिशेब करू. पाच-सहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण सहा सेंटीमीटर वाढतं, म्हणजे महिन्याला अर्धा सेंटीमीटर. आणि आपण सगळेच सकाळी उंच असतो, संध्याकाळी थोडे बुटके. मणक्यांच्या मधल्या गाद्या दिवसभराच्या भारानं दबतात आणि रात्री आडवं झाल्यावर पाणी शोषून पुन्हा फुगतात. मुलांमध्ये हा फरक अर्ध्या सेंटीमीटरपासून एक-दीड सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकतो. पहिली रेघ मी सकाळी ओढली होती, दुसरी संध्याकाळी. पोरीची महिन्याची वाढ झाली असती, तरी ती एका दिवसाच्या चढउतारात बुडून गेली असती. चूक माझ्या मोजण्यात होती, तिच्या हाडांत नव्हती.

ही गोष्ट ज्यांच्या लक्षात फार लवकर आली, त्यांत फ्रान्समधले एक वडील होते. गेनो द मोंबेयार या सरदारानं आपल्या मुलाची उंची तो १७५९ मध्ये जन्मल्यापासून अठरा वर्षांचा होईपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली. त्याचा मित्र, निसर्गअभ्यासक ब्युफाँ यानं ती टिपणं छापली. एका मुलाच्या वाढीची एवढी सलग नोंद त्याआधीची आपल्याला माहीत नाही. आजही वाढीच्या शास्त्राची पुस्तकं याच मुलाच्या आलेखानं सुरू होतात. तरुणपणी तो रात्रभर नाचून घरी आला तेव्हा त्याची उंची कमी भरली, हेही त्या टिपणांत आहे. आणि ब्युफाँनं आणखी एक गोष्ट हेरली होती: हा मुलगा हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त वाढतो.

एकाच मुलावरून निष्कर्ष कसा काढायचा? तो काढायला शंभर वर्षांनी कोपनहेगनमध्ये एक विलक्षण माणूस पुढं आला. माझ्या लेखी त्याच्यावर इतिहासानं अन्याय केला आहे. रास्मुस मालिंग-हानसेन हा मूकबधिर मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक. जगाला तो ठाऊक आहे तो टंकलेखन यंत्रासाठी. टाचण्या खोचलेल्या अर्ध्या चेंडूसारखं दिसणारं ते यंत्र १८७० पासून विकलं जाऊ लागलं. तत्त्वज्ञ नीत्शेनं १८८२ मध्ये ते घेतलं, म्हणून यंत्राच्या इतिहासात त्याचं नाव राहिलं. पण त्याच सुमारास या मुख्याध्यापकानं आपल्या शाळेत मुलांची वजनं आणि उंची रोज नोंदवायला सुरुवात केली. रोज, आणि वर्षानुवर्षं. शाळेत मुलं एकाच छपराखाली राहत, एकाच पंगतीला जेवत, ठरल्या वेळी झोपत. घरोघरच्या वेगवेगळ्या जेवणाचा घोळ त्यात नव्हता.

१८८६ मध्ये त्यानं सगळं पुस्तकरूपानं मांडलं. शरद ऋतूपासून डिसेंबरपर्यंत मुलांचं वजन झपाट्यानं वाढतं, तेव्हा उंची जवळजवळ विसावते. वसंत लागला की उलट होतं. उंची सुटते आणि वजन थांबतं, कधी घटतंही. वर्षातून एकदा शरीर जणू कोठार भरतं आणि मग त्या साठ्यावर इमारत चढवतं. पुढच्या शतकात थंड देशांतल्या अनेक पाहण्यांत हाच नमुना दिसला. मालिंग-हानसेन १८९० मध्ये वारला. यंत्रांच्या इतिहासात त्याला पानं मिळाली, बालरोगाच्या अभ्यासक्रमात त्याचं नाव क्वचितच कुणी घेतं. एका शिक्षकानं, शाळेतलाच काटा आणि शाळेतलीच मोजपट्टी वापरून, डॉक्टरांच्या आधी हे शोधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. मूल अंगानं भरतं आणि मूल उंचीला सुटतं. माझी आई धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पौषात पोरं भरतेत, चैतापासून सुटतेत." तिनं मालिंग-हानसेनचं नावही ऐकलेलं नाही.

मात्र कोपनहेगनचं गणित जसंच्या तसं वाशीमला लावता येणार नाही. तिथं डिसेंबरचा दिवस सात तासांचा आणि जूनचा साडेसतरा तासांचा. आपल्याकडं डिसेंबरातही सूर्य जवळजवळ अकरा तास असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा. प्रकाशाचा या चक्राशी संबंध असावा, याचा एक सुंदर पुरावा १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये मिळाला. पूर्णपणे अंध असलेल्या मुलांची वाढही वर्षभरात कमी-जास्त होत होती, पण ती ऋतूंशी जुळत नव्हती. ज्याचं त्याचं चक्र वेगळ्याच महिन्यात. म्हणजे शरीरातलं घड्याळ चालू होतं, त्याला डोळ्यांवाटे मिळणारी ऋतूची खूण तेवढी मिळत नव्हती. आपल्याकडं ही खूण फिकी. मग वऱ्हाडातली पोरं हिवाळ्यात भरतात ती कशामुळं?

उत्तर शेतात आहे. आषाढ-श्रावणात कणगी तळाला गेलेली असते, आई दिवसभर निंदणाला, पाणी गढूळ आणि घरोघरी जुलाब. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातलं केनेबा गाव यासाठी जगभर ओळखलं जातं. तिथल्या मुलांची वाढ दर पावसाळ्यात मंदावते आणि सुगीनंतर पुन्हा वेग घेते, हे संशोधकांनी अनेक दशकं मोजलं आहे. आपल्या कोरडवाहू गावांची घडी काही फार वेगळी नाही. जुलाब थांबतात, सोयाबीनचा पैसा हातात येतो, तूर-हरभरा हिरवा होतो, तेव्हा शरीर मागची बाकी वसूल करायला लागतं. मागं पडलेलं मूल सावरताना आधी वजन भरून काढतं. उंची त्याच्या मागून, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येते.

थंडीत भूक वाढते म्हणून ते सगळं खाणं वाढीला जातं, असंही नाही. महिन्याभराचं तान्हं बाळ मिळालेल्या ऊर्जेतला साधारण तिसरा हिस्सा वाढीवर खर्च करतं. वर्षाचं होईस्तोवर हा वाटा शेकडा तीनपर्यंत उतरतो आणि वयात येईपर्यंत थोडाच राहतो. बाकीचं पळणं, श्वास घेणं, मेंदू चालवणं आणि अंग गरम ठेवणं यात जातं. लहान शरीराला वजनाच्या मानानं कातडी जास्त, त्यामुळं पारा दहा अंशांपर्यंत उतरलेल्या रात्री मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठतं. आजीच्या वाकळेत शिरलेलं पोर तेवढी ऊर्जा वाचवत असतं.

म्हणूनच 'उंची वाढवणाऱ्या' पुड्यांच्या जाहिराती पाहून माझा संताप होतो. सहा वर्षांच्या मुलाची उंची तीन महिन्यांत दीड सेंटीमीटर वाढणारच असते. पुडी ते श्रेय फुकट घेते. त्याच पैशात घरात काय येतं ते बघा. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी आणि तुरीत ते भरपूर, त्यामुळं भाकर आणि सोल्याची भाजी एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरतं. बोरातलं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. तिळाबद्दल मात्र मी हातचं राखून बोलेन. १०० ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं हे खरं, पण पोराच्या लाडवात तीळ दहा ग्रॅम, आणि सालीतलं ऑक्झॅलेट त्यातला बराच भाग अडवून ठेवतं. लाडू जरूर द्यावा. दुधाची जागा त्याला देऊ नये.

चौकटीवरच्या रेघेबद्दल आणखी एक गोष्ट लेकीला सांगायची होती. १९९२ मध्ये मिशेल लॅम्पल आणि सहकाऱ्यांनी ३१ बाळांची लांबी वारंवार मोजली. बाळं संथ वाढत नव्हती. कित्येक दिवस, कधी दोन महिने, काहीच नाही. मग एका दिवसात अर्ध्या सेंटीमीटरपासून अडीच सेंटीमीटरपर्यंत उडी. आणि कोकरांच्या हाडांवर केलेल्या एका अमेरिकी प्रयोगात सुमारे ९० टक्के वाढ कोकरू आडवं असताना झाली. "झोपेत पोर वाढते" असं आई म्हणते तेव्हा मी आता वाद घालत नाही. लेकीला सांगितलं, "तू थांबली आहेस, संपली नाहीस." दुसऱ्या दिवशी सकाळी, उठल्या उठल्या मोजलं. रेघ डिसेंबरच्या रेघेला भिडली.

आमच्या घरात हे मोजमाप कौतुक म्हणून चालतं, कारण कोठार भरलेलं आहे. पण हाच जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांत घेतला. महाराष्ट्रातले चारच होते: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशीम. इथल्या तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं नेमकी याच महिन्यांत घराला कुलूप लावतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर. लेकरं बरोबर जातात. शरीरानं भरून घ्यायचा हंगाम उसाच्या फडातल्या कोपीत, पहाटेच्या गारठ्यात जातो. तिथं सोल्याची भाजी नसते आणि आई पहाटेपासून फडात असते. अंगणवाड्यांच्या 'पोषण ट्रॅकर' ॲपमध्ये अशा मुलाला दुसऱ्या गावच्या अंगणवाडीशी जोडून घेण्याची सोय आहे. पण फड महिन्यात दोनदा हलला, तर ती अंगणवाडी कोणती?

गेल्या वर्षी एका तांड्यावर अंगणवाडीताईंनी मला एक वाढीचा तक्ता दाखवला. मुलगी धाकट्याच्याच वयाची. ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला एक ठिपका, पावसाळ्यात जरा खाली झुकलेला. मग थेट एप्रिलचा ठिपका, ऑक्टोबरच्या पातळीवरच. ताईंनी दोन्ही पट्टीनं जोडले होते. मी त्या सरळ रेघेवरून बोट फिरवलं. मधल्या पाच महिन्यांत मुलगी जराही भरली होती का, की भरून पुन्हा उतरली, ते त्यावरून कळत नव्हतं. "तिचा स्वेटर पाहा," ताई म्हणाल्या, "दोन वर्षं तोच घालते. अजून सैल होतो."