रस्त्याकांठचा वणवा

माघ-फाल्गुनांत जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील साग पानें टाकूं लागतो, आणि पावसाळ्यांत वाढलेलें गवत रस्त्याच्या दोन्ही अंगांस वाळून उभें राहतें. तेथून पहिला पाऊस पडेपर्यंतचे दिवस वणव्याचे होत.

वणव्याचें नांव निघतांच बोट दाखविलें जातें तें वारली-कोकणा शेतकऱ्याच्या राबाकडे. मोहाचीं फुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाला जाळतात व तो कधीं हातचा सुटतो, हें खरें. पण राब भाजणारा मनुष्य आगीजवळ उभा असतो. मोटारींतून जळती विडी फेंकणारा तोंवर दुसऱ्या वळणापलीकडे पोंचलेला असतो. दोषाची ही वांटणी न्यायाची नव्हे.

विडी हें उघड कारण झालें. दुसरीं कारणें गाडीच्या पोटाखालीं दडलेलीं असतात. पेट्रोलच्या मोटारींत धूर शुद्ध करणारें एक पात्र असतें. इंजिन चालतांना तें कित्येक शें अंश तापतें. अशी गाडी विसाव्यासाठीं वाळल्या गवतांत उभी केली, तर मंडळी शिदोरी सोडून बसेपर्यंत खालचें गवत धुमसूं लागतें. जुन्या मालमोटारीच्या नळींतून चढावावर काजळीचे तप्त कण उडतात; लोंबणारी साखळी डांबरावर घासून ठिणग्या पाडते. २०१८ च्या जुलैंत अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत मोटारीमागें जोडलेल्या ओढगाडीचा टायर फुटला, चाकाची धातूची कड रस्त्यावर घासली, आणि त्या ठिणग्यांचा वणवा दोन लक्ष एकरांहून अधिक भूमीवर पसरला. घाटांत तर आग वर धांवते, कारण ज्वाळा चढावरचें गवत आधींच शेकून ठेवतात.

जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी हीं नांवें १९९२ च्या सुमारास कुपोषणानें झालेल्या बालमृत्यूंमुळें सर्वत्र पोंचलीं. अशा मुलखांत गवताची गंजी जळणें म्हणजे गुरांचा चारा आणि घराचें छप्पर एकदम जाणें होय. उघड्या पडलेल्या उताराची माती पुढच्या पावसांत ओढ्यास मिळते, ती निराळीच.

वनखातें जाळरेषा काढतें, म्हणजे ठरलेला पट्टा हंगामापूर्वींच जाळून मोकळा करतें. रस्त्याकांठचें गवत वेळेवर कापून नेलें तर तेंही काम साधतें व चाराही मिळतो. गाडी मुरमावर उभी करावी, साखळी वर बांधावी, विडी पाण्यानें विझवावी. डांबर तापविणाऱ्यांनीं चुलीवर माती लोटल्यावांचून जागा सोडूं नये.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहानें टिपलेल्या आगीची वर्दी धाडते. परंतु तो उपग्रह ठराविक वेळींच माथ्यावरून जातो. १९२७ च्या वन कायद्यानें आगीची खबर देण्याचें व ती विझविण्याचें कर्तव्य जंगलांत हक्क असलेल्यांवर घातलें आहे. नुसत्या जाणाऱ्या मोटारवाल्यावर तें नाहीं, आणि आग प्रथम दिसते ती बहुधा त्यालाच! लहान आग हिरव्या डहाळीनें झोडपून विझते. झोडपतांना जळून गेलेल्या बाजूस उभें राहावें. ज्वाळा कमरेवर चढल्या कीं एकट्यानें पुढें होऊं नये, जवळचा पाडा गांठून माणसें आणावींत.